सत्तरच्या पुढे

अडुसष्टपर्यंत काही नाही.
काटा सत्तरला टेकतो, चाकाखाली एखादी खळगी येते,
आणि स्टिअरिंग माझ्या हातातून
कापायला धरलेल्या बोकडासारखं सुटू बघतं.
आधी मनगटं, मग दात, मग आरसा.
मागच्या पेटीत शेळ्यांच्या लसीच्या बाटल्या
एकमेकींवर किणकिणायला लागतात.
ब्रेक नाही मारायचा. पाय हळूहळू काढायचा
आणि चाल्बीच्या पांढऱ्या मिठावर
गाडी स्वतःहून शहाणी होईपर्यंत
आभाळातल्या वाकाचं नाव घ्यायचं.

मार्साबितमध्ये ज्याला त्याला ठाऊक होतं.
मेहुणा म्हणाला, टायर. टायर बदलले.
हवा कमी कर, म्हणाला पेट्रोलवाला. केली.
इसिओलोच्या दुकानदारानं नवा डॅम्पर गळ्यात मारला,
अकरा हजार शिलिंग, वर चहा फुकट.
दोन आठवडे गाडी गप्प.
तिसऱ्यात, उंटांच्या कळपासमोर अशी थरथरली
की उंटांनीच वाट सोडली.

तलासोनं आधी तो डॅम्परच काढून ठेवला.
"हा दुखणं झाकतो. बरं नाही करत.
जखम मांडीला, मलम शेंडीला."
तिच्या गॅरेजला भिंती नाहीत.
एक बाभूळ, दोन रिकामी पिंपं,
आणि बोरू नावाचा पोरगा,
चौदाचा पाना मागितला की सतराचा आणणारा.

जॅक नको, म्हणाली. चाकं जमिनीवरच हवीत.
अंगावर ओझं असतानाच खोटं उघडं पडतं.
इंजिन चालू ठेव. स्टिअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे,
ताक घुसळतात तसं, पण घाई नको.
आणि ती खाली सरकली.
मला दिसत होते फक्त तिचे पाय,
एका टाचेला भेग, एका चपलेला तार.

डावीकडे. उजवीकडे.
"टाय रॉड ठीक."
डावीकडे. उजवीकडे.
"बेअरिंग म्हातारं, पण इमानदार."
डोळ्यांनी नव्हे, तळव्यानं बघत होती,
एकेका सांध्यावर बोटं ठेवून, नाडी बघतात तशी.
पाणी कुठं मुरतंय, पाणी कुठं मुरतंय,
मधूनच पुटपुटायची,
त्या मुलखात, जिथं मुरायलाही पाणी नाही.

मग ती गप्प झाली.
पुन्हा कर. केलं.
पुन्हा.
"इथं."

पॅनहार्ड रॉडचं टोक. बोल्टभोवती लाल पूड,
जणू कुणी तिथं बसून गुपचूप वीट उगाळली.
एक्सल हलायच्या आधी बोल्ट हलतोय,
गोल भोक झिजून अंडं झालंय.
"सूतभर बारीक आहे हा. कुणी घातला?"

रस्त्यानं, मी म्हणालो.

म्हणजे काय, ते मलाही माहीत नाही.
खरं असं, की मागच्या जुलैत, नॉर्थ हॉरच्या अलीकडे, रात्री,
मूळचा बोल्ट कुठं गळून पडला कळलं नाही.
डब्यात जो होता तो ठोकला.
तात्पुरता. पुढच्या गावी बदलू.
पुढची गावं सतरा झाली,
आणि प्रत्येक गावी मी टायरला शिव्या दिल्या.

तिनं पुढं विचारलं नाही.
भोकाच्या दोन्ही अंगांना जाड वॉशर वेल्ड केले,
नेमक्या मापाचा बोल्ट घातला,
आणि बोरूला पान्याच्या दांड्यावर उभं करून पिळला.
या वेळी पाना बरोबर होता.

अडुसष्ट.
सत्तर. खळगी.
पंच्याहत्तर.
स्टिअरिंग नुसतं होतं, जिथं होतं तिथं.
माझी बोटंच ते सोडेनात.
तलासो शेजारी खजूर खात बसलेली,
बिया एकेक करून खिडकीबाहेर.

उतरताना तिनं माझ्या तळहातावर
काहीतरी तेलकट ठेवलं.
तो बारीक बोल्ट.
"रस्त्याला दे," म्हणाली,
"भेटला की."